शेजारच्या घरात मारहाण होते. आपण नेमकं काय करायचं?

गारवेल

नमस्कार. आमच्या बरोबर वरच्या फ्लॅटमध्ये एक जोडपं राहतं. दोघं तिशीतले, साडेतीन वर्षांचा मुलगा. गेले काही महिने रात्री वरून आवाज येतात. आधी त्याचा चढलेला आवाज, मग काहीतरी आपटल्याचा, आणि मग टीव्ही एकदम मोठा होतो. टीव्ही मोठा झाला की पुढचं ऐकू येत नाही, पण तो का मोठा केला हे आता अख्ख्या विंगला कळतं.

परवा ती लिफ्टमध्ये भेटली. भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा ड्रेस. एका गालावर सूज. मी काही विचारायच्या आतच म्हणाली, "कपाटाचं दार लागलं."

सोसायटीत विषय काढला तर "घरगुती मामला आहे, आपण कशाला पडायचं" असं उत्तर मिळालं. मला ते पटत नाही. पण मी काही केलं आणि त्याचा राग त्याने तिच्यावरच काढला तर? त्या क्षणी काय करावं, आणि एरवी काय करावं? कोणाला अनुभव असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

सह्यकडा

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. नवरा-बायकोच्या भांडणात तिसरा पडला की दोघंही त्याच्यावर उलटतात. आमच्या चाळीत एका काकांनी मध्यस्थी केली, दुसऱ्या दिवशी तीच बाई भांडायला आली की माझ्या नवऱ्याला बोलणारे तुम्ही कोण. तिला खरंच त्रास असेल तर ती बोलेल. तिचं माहेर असेल, ते बघतील.

शिरीषफूल

@सह्यकडा, ती काकांशी भांडायला आली कारण रात्री तिला त्याच घरात झोपायचं होतं. नवऱ्यासमोर तिने काकांची बाजू घेतली असती तर त्या रात्री काय झालं असतं, याचा विचार करा.

गारवेल, त्या क्षणी करायची साधी गोष्ट म्हणजे बेल वाजवणं. २००८ मध्ये 'बेल बजाओ' नावाची मोहीम आली होती, टीव्हीवर जाहिराती लागायच्या. आवाज आला की शेजारी दार वाजवतो आणि काहीतरी क्षुल्लक मागतो, एवढंच त्यात होतं. आम्ही आमच्या बिल्डिंगमध्ये हे करतो. "तुमच्याकडे पाणी येतंय का?", "आमचं पार्सल चुकून वर आलं का?" दार उघडावं लागतं, हात थांबतो, आणि त्याला कळतं की खाली ऐकू जातंय. मारहाणीचा विषय काढायचा नाही. एकटीने जायचं नाही, दोघंतिघं जा, आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू नका.

पाचपावली

+१. आमच्या मजल्यावर तर विरजण मागायची पाळीच लावली होती. त्या महिन्यात कोणाच्याही घरी दही कमी पडलं नाही :) आणि गंमत सोडली तर ती मुलगी नंतर म्हणाली की बेल वाजली की तिला श्वास घ्यायला मिळायचा.

माळावरचा

शहरात फ्लॅटचं दार बंद होतं, आमच्याकडे गावात सगळं उघड्यावर असतं, तरी कोणी मध्ये पडत नाही. भावकी आडवी येते. पोलीस पाटलांकडे गेलं की ते त्याचेच चुलते निघतात. आमच्याकडे निम्म्या घरांत कारण दारू. बायांनी ग्रामसभेत ठराव आणला, मतदान झालं, आडवी बाटली (म्हणजे दारूबंदी) जिंकली, दुकान बंद झालं. दोन महिने गाव शांत होतं. मग शेजारच्या गावातून हातभट्टीच्या दारूचे फुगे यायला लागले.

तुळशीवृंदावन

@माळावरचा, दारूबंदीच्या लढ्याबद्दल आदर आहेच, पण एक सांगते. माझा नवरा थेंबही घेत नव्हता. ऑफिसात कोणावर कधी आवाज चढवला नाही. साहेबांपुढे रागावर ताबा राहायचा आणि घरी तो ताबा राहायचा नाही, असं कसं? दारूने हात सैल होत असेल, पण हात कोणावर उचलायचा हे माणूस शुद्धीत ठरवतो.

गारवेल, मी त्या वरच्या फ्लॅटमधली बाई होते. आता वेगळी राहते, म्हणून लिहू शकते. मला कशाचा उपयोग झाला ते सांगते.

खालच्या काकूंनी मला कधीही "तू त्याला सोड" म्हटलं नाही. "अगं, तू सहन का करतेस" तर मुळीच नाही. त्या मला गच्चीवर पापड राखायला बोलवायच्या. पापडांना राखण लागते, त्यामुळे घरात कोणाला संशय येत नसे. एकदा म्हणाल्या, "मला ऐकू येतं. तुझी चूक नाही. रात्री कधीही खाली ये, दार उघडीन." बस्स. मी तेव्हा काहीच बोलले नाही, विषय बदलला. त्यांनीही ताणलं नाही. पुढे कितीतरी दिवसांनी मी माझी कागदपत्रं एकेक करून त्यांच्याकडे नेऊन ठेवली. आधार, पॅन, लग्नाचा दाखला, मुलीचा जन्मदाखला, डिग्री, पासबुक. गव्हाच्या कोठीमागे प्लास्टिकच्या पिशवीत माझं सगळं ठेवलेलं होतं. आईने दिलेल्या पाटल्याही.

आमचा एक शब्द ठरला होता. मी फोन करून "काकू, मेतकूट आहे का" विचारलं की त्यांनी पोलिसांना फोन करायचा. मेतकूट अशासाठी की आमच्या घरी ते कोणी खात नव्हतं, चुकून विचारलं जाणं शक्य नव्हतं.

गारवेल

तुळशीवृंदावन, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. "मला ऐकू येतं" हे वाक्य मी लिहून ठेवलं.

शल्यकर्मी

मी सरकारी रुग्णालयात अपघात विभागात काम करते. "बाथरूममध्ये पाय घसरला", "कपाट लागलं" हे आम्ही रोज ऐकतो. पडणारा माणूस तळहात टेकून पडतो, खरचटतं ते तळवे, गुडघे, कोपर. मार अडवायला हात आडवा धरला की वळ उठतात ते करंगळीच्या बाजूने, मनगट ते कोपर. दंडाच्या आतल्या बाजूला चार गोल डाग आणि समोर एक, म्हणजे कोणीतरी दंड आवळून धरला होता. कपाटाचं दार असं करत नाही.

गळा दाबण्याला मात्र कधीही हलकं समजू नका. बाहेरून खूण दिसतेच असं नाही. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, क्षणभर शुद्ध हरपणं, कपड्यात लघवी होणं, यातलं काहीही झालं असेल तर त्याच दिवशी दवाखाना. आणि ज्या घरात एकदा गळा दाबला गेला आहे त्या घरात पुढे बाईचा जीव जाण्याचा धोका कित्येक पटींनी जास्त असतो, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. "एकदाच केलं, सॉरी म्हणाला" असं कोणी सांगितलं तर माझ्या पोटात गोळा येतो.

डॉक्टरला खरं कारण सांगा आणि केसपेपरवर ते लिहायला लावा. पुढे कोर्टात तो कागद बोलतो. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' या संस्थेने मिळून 'दिलासा' केंद्र सुरू केलं, ते याच विचारातून: बाई पोलिसांकडे जायच्या कितीतरी आधी दवाखान्यात येते. नंतर ते इतर रुग्णालयांतही सुरू झालं.

आकडा हवा असेल तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी सुमारे २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. आणि अशी हिंसा सोसलेल्यांपैकी जेमतेम १४ टक्के जणींनी कोणाकडे तरी मदत मागितली. @सह्यकडा, "त्रास असेल तर ती बोलेल" याचं उत्तर या दुसऱ्या आकड्यात आहे.

ओंकार_ठा

विषय महत्त्वाचा आहे, पण खोट्या केसेसचं काय? माझ्या मित्राच्या सत्तरीच्या आईवडिलांचं नाव ४९८अ (सासरच्या छळाचं कलम) मध्ये घातलं होतं. त्यावर कोणी बोलत नाही.

वकिलीणबाई

ओंकार, तुमच्या मित्राच्या आईवडिलांना त्रास झाला असेल तर तो खराच आहे. सरसकट अटक होऊ नये असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात सांगितलं, ते यासाठीच. पण त्या कारणाने वरच्या मजल्यावरचा आवाज खोटा ठरत नाही. या धाग्याचा प्रश्न शेजाऱ्याने काय करायचं हा आहे, त्यावर लिहिते.

४९८अ आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आणि ८६ झालं आहे, १ जुलै २०२४ पासून. त्याची दखलपात्र तक्रार ती स्वतः किंवा तिचे रक्ताचे, लग्नाचे वा दत्तक नात्याचे लोक देऊ शकतात. शेजाऱ्याच्या तक्रारीवर ते कलम लागत नाही, म्हणून पुष्कळ लोक "आपल्याला अधिकारच नाही" असं समजून गप्प बसतात.

दुसरा रस्ता आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला. त्याच्या कलम ४ प्रमाणे हिंसा होते आहे किंवा होऊ शकते असं वाटणारी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर कोणतीही दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. संरक्षण अधिकारी महिला व बालविकास विभागाचे असतात. त्यांनी नोंदवलेला घटना अहवाल पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जातो.

मारहाण चालू असताना मात्र ११२, पोलिसांचा आपत्कालीन नंबर. पत्ता, मजला, फ्लॅट नंबर, घरात लहान मूल आहे हे सांगा. "माझं नाव त्या घरात सांगू नका" हेही स्पष्ट सांगा. सल्ला हवा असेल तर १८१, महिला हेल्पलाइन.

हिरवीचाफी

आमच्याकडे पोलीस आले होते, "मिटवून घ्या" म्हणून निघून गेले. एनसी (अदखलपात्र तक्रारीची नोंद) लिहून हातात दिली. मग?

वकिलीणबाई

होतं असं, नाकारत नाही. एनसीचीही प्रत घ्याच, तारीख आणि वेळ नोंदली जाते. पण या कायद्यात पोलिसांवर अडून राहावं लागत नाही. ती थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १२ खाली अर्ज करू शकते. जिथे ती सध्या राहते आहे तिथल्या कोर्टात चालतो, तात्पुरती माहेरी असली तरी. त्याला जवळ यायला मनाई, घरात राहण्याचा हक्क, दरमहा खर्च, मुलांचा ताबा, नुकसानभरपाई, सगळं एकाच अर्जात मागता येतं. धोका दिसला तर समोरच्याला न ऐकताही अंतरिम आदेश होतो. आदेश मोडला तर तो गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद. कायद्यात साठ दिवसांत निकालाचा प्रयत्न करावा असं आहे. प्रत्यक्षात तारखा पडतात, म्हणून अंतरिम अर्ज पहिल्याच दिवशी लावा.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, हेल्पलाइन १५१००. महिलेला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

"घर सासऱ्यांच्या नावावर आहे, तुझा काय हक्क" हे फार ऐकायला मिळतं. २०२० मध्ये सतीशचंद्र आहुजा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की ती ज्या घरात संसार करत राहिली ते सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी तिचा राहण्याचा हक्क त्यात येऊ शकतो.

आजोळ_६५

मी वयाने तुमच्यात मोठी आहे, जरा वेगळं लिहिते. आमच्या भजनी मंडळातल्या एकीला तिचा मुलगा मारतो. पेन्शनचं पुस्तक त्याच्याकडे. या वयात मुलाविरुद्ध जायचं म्हणजे लोक काय म्हणतील, ही तिची भीती. आम्ही चौघी आलटून पालटून तिच्याकडे जातो, कोणी ना कोणी बसलेलं असतं. असं काही असेल तर कायदा आहे का?

वकिलीणबाई

आजी, आहे. हाच २००५ चा कायदा आई मुलाविरुद्ध वापरू शकते, तो फक्त बायकोसाठी नाही. पेन्शन काढून घेणं ही त्यात आर्थिक हिंसा आहे. शिवाय ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा वेगळा कायदा आहे, त्याचा अर्ज प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणाकडे होतो. हेल्पलाइन १४५६७. तुम्ही चौघी जे करताय ते सोडू नका.

ओंकार_ठा

आजींचा प्रतिसाद वाचला. पुरुषांवर अशी वेळ आली तर? प्रामाणिकपणे विचारतोय, एका सहकाऱ्याच्या बाबतीत पाहिलंय.

वकिलीणबाई

२००५ च्या कायद्याचं संरक्षण महिलांनाच आहे. पण मारहाण, धमकी, कोंडून ठेवणं हे गुन्हे कोणाच्याही विरुद्ध असोत, न्याय संहितेत आहेतच. ११२ त्यांच्यासाठीही आहे. त्यांनाही दवाखान्याचा कागद करून ठेवायला सांगा, आणि त्यांची थट्टा होणार नाही असं पाहा.

तंत्रविद्या

फोनबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून. गारवेल, तिला मेसेजवर काहीही लिहू नका. नवरा फोन तपासतो असंच धरून चाला. व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या लॅपटॉपला जोडलेलं असू शकतं (लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये दिसतं), गूगल मॅप्सवर लोकेशन शेअरिंग चालू असू शकतं, जीमेल त्याच्याही फोनवर उघडलेलं असू शकतं. हे सगळं एका दिवसात बंद करायचं नाही, त्याला लगेच संशय येतो. महत्त्वाचे फोन दुसऱ्याच्या मोबाईलवरून करावेत. हेल्पलाइनचा नंबर सेव्ह करायचा असेल तर दूधवाला, गॅस एजन्सी अशा नावाने.

एक खूणही आहे, २०२० मध्ये कॅनडातून सुरू झालेली. तळहात समोर, अंगठा आत दुमडायचा आणि चार बोटं त्यावर मिटायची. व्हिडिओ कॉलवर किंवा खिडकीतून न बोलता मदत मागता येते. तुमच्या ग्रुपमधल्या बायकांना शिकवून ठेवा.

हडसनकाठ

न्यू जर्सीहून. इथे आलेल्या आपल्या मुलींची अडचण आणखी वेगळी. डिपेंडंट व्हिसा, नोकरी नाही, गाडी नाही, बँकेचं खातं त्याच्या नावावर, पासपोर्ट त्याच्या लॉकरमध्ये. "पोलिसांना बोलावलंस तर तुलाच परत पाठवतील" ही धमकी सगळ्यांना मिळते. ती खरी नाही. ९११ ला फोन करणाऱ्याला कोणी त्या कारणाने देशाबाहेर काढत नाही. नवरा अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तर त्याला न कळवता इथे राहण्यासाठी स्वतःचा अर्ज करता येतो, तो तसा नसेल तरी इतर मार्ग आहेत. इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला. 'मानवी' ही संस्था १९८५ पासून इथे दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करते, आपल्या भाषेत बोलणारं माणूस मिळू शकतं.

भारतातल्या आईवडिलांना हात जोडून विनंती. मुलगी फोनवर "सगळं ठीक आहे" म्हणते आणि मागे तो उभा असतो. हो-नाहीत उत्तर देता येईल असे प्रश्न विचारा. "मी तिकडे येऊ का?" एवढं विचारलं तरी पुरतं.

सह्यकडा

सगळे प्रतिसाद नीट वाचले. शल्यकर्मींनी दिलेला १४ टक्क्यांचा आकडा मला माहीत नव्हता. बेल वाजवायला हरकत नाही, हे मान्य. पण नवऱ्याला बाजूला घेऊन समजावून सांगितलं तर? पुरुषाशी पुरुषाने बोलायला काय हरकत आहे?

तुळशीवृंदावन

@सह्यकडा, तुमचा हेतू चांगला आहे, पण तिला विचारल्याशिवाय हे कधीच करू नका. "लोकांना सांगत फिरतेस काय" हे माझ्या नवऱ्याचं पहिलं वाक्य असायचं. बेल वाजवताना तिने काही सांगितलंय असं त्याला वाटत नाही. समजवायला गेलात की तिने तोंड उघडलं हे सिद्धच होतं.

तुम्ही पुरुष मंडळी वेगळं काहीतरी करू शकता. तो पार्किंगमध्ये बायकोवर विनोद करतो तेव्हा हसू नका.

आणि गारवेल, ती निघायचं म्हणाली तर तो काळ सर्वांत धोक्याचा. ताबा सुटतोय हे कळलं की माणूस जास्त पिसाळतो. निघण्याची भाषा त्याच्यासमोर करायची नाही. भांडण पेटलं की स्वयंपाकघरात थांबायचं नाही, तिथे सुरी आणि गॅस. बाथरूममध्येही नाही, बाहेर पडायला दुसरा रस्ता नसतो. दाराजवळच्या खोलीत यायचं.

गारवेल

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं. शिरीषफूलने लिहिल्याप्रमाणे आम्ही बेल वाजवायला सुरुवात केली. मी, समोरच्या वहिनी आणि त्यांचा कॉलेजातला मुलगा. एकदा पाण्याचं निमित्त, एकदा कुरिअरचं. दोन्ही वेळा आवाज थांबला. काल ती मुलाला घेऊन खाली खेळायला आली तेव्हा मी तुळशीवृंदावनचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. ती बराच वेळ मुलाकडे बघत राहिली. मग एकच प्रश्न विचारला, "मी निघाले तर हा माझ्याकडे राहील का? तो म्हणतो, मी कमवत नाही म्हणून कोर्ट मुलगा त्यालाच देईल."

मला उत्तर माहीत नव्हतं. विचारून सांगते म्हटलं. ती उद्या संध्याकाळी पुन्हा खाली येणार आहे.

वकिलीणबाई

तिला सांगा, कमाई नाही एवढ्या कारणावर कोर्ट मूल काढून घेत नाही. मुलाचं हित कशात आहे ते पाहतात, आणि पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सहसा आईकडेच असावा असं १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात लिहिलेलं आहे. तिचा मुलगा साडेतीनचा. खर्चासाठी पैसे नवऱ्याकडूनच मागायचे असतात. २००५ च्या कायद्याच्या कलम २१ खाली तात्पुरता ताबा त्याच अर्जात मागता येतो.

मात्र निघाली तर मुलाला सोबत घेऊनच निघू दे, "नंतर येऊन नेते" असं नको. त्याचा जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड आणि शाळेच्या फीच्या पावत्या एवढं आधी तुमच्याकडे येऊ द्या. उद्या ती "हो" म्हणाली तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. तुमचा जिल्हा कळला की तिथल्या संरक्षण अधिकाऱ्यांचं कार्यालय आणि जवळचं सखी वन स्टॉप सेंटर (अशा महिलांसाठीचं सरकारी मदत केंद्र) कुठे आहे ते शोधून देते. नाही म्हणाली तरी बेल वाजवत राहा.

पाचपावली

गारवेल, आमच्या बाजूला असाल तर तिच्यासाठी आमची एक खोली रिकामी आहे. व्यनि केलाय.